उन्हाची गळती

सावळदरीत कुणाच्या वावरात काय चाललंय ते सगळ्यात आधी मयूरी इंगोलेला कळायचं, कारण ती गाव वरून बघायची. सकाळी तिचा ड्रोन घोंघावत निघाला की बायका वाळत घातलेले कपडे भराभर आत नेत, शेळ्या बुजत, आणि ओट्यावर बसलेली माणसं माना वर करून म्हणत, "निघाली घार."

घार हे ड्रोनचं नाव. सहा पंखांचा आणि पोटाशी औषधाची टाकी असलेला. वाशीमकडच्या गावांत तोवर पाठीवर पंप बांधून फवारणारा माणूस दिसेनासा झाला होता आणि सगळी फवारणी अशा घारींकडे आली होती. सावळदरीची घार मयूरीला तिच्या वडिलांनी घेऊन दिली होती. वडील म्हणजे सुधाकर इंगोले, बसथांब्याजवळच्या कृषी केंद्राचे मालक. कुणीही अळी पडलेलं पान खिशात घालून आणायचं, सुधाकरभाऊंनी ते उजेडाला धरून बघायचं, फळीवरून एक बाटली काढून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मयूरीने ती बाटली त्या माणसाच्या वावरावर रिकामी करायची. बापलेकीची ही जोडी पंचक्रोशीत माहीत होती. मयूरीची आई ती लहान असतानाच गेली होती. तिला वाढवलं वडिलांनी आणि वडिलांच्या थोरल्या बहिणीने, गोकर्णाआत्याने. त्यामुळे दोघांपैकी एकाशी भांडण झालं की मयूरी दुसऱ्याकडे जेवायला जायची. तिघांचं एकदम भांडण असं कधी झालं नव्हतं.

ते त्या आषाढात झालं, आणि त्याचं कारण होतं एक डबा.

डबा घेऊन आल्या डॉक्टर नसरीन मिर्झा. त्या विद्यापीठात कीटकांचा अभ्यास करत. त्यांना हवा होता एक ड्रोन, आणि ज्याला वावराचा प्रत्येक धुरा, म्हणजे बांध, आणि प्रत्येक विजेची तार माहीत आहे असा उडवणारा माणूस. सरपंचांनी त्यांना थेट गोकर्णाआत्याच्या ओट्यावर आणून बसवलं, कारण मयूरी तेव्हा तिथेच चहा पीत होती.

"हे काय मोजतं?" मयूरीने डबा हातात घेऊन विचारलं. जेवणाच्या डब्याएवढाच होता, वजनाला हलका, खालच्या बाजूला दोन काचेचे डोळे आणि एक बारीक नळी.

"ऊन," नसरीनबाई म्हणाल्या. "झाडाने पकडलेलं ऊन किड्याच्या पोटात किती जातं, ते."

गोकर्णाआत्याने कपबशी खाली ठेवली. "ऊन? किड्याच्या पोटात?"

नसरीनबाईंना असे प्रश्न आवडत असावेत. त्या पदर सावरल्यासारखी ओढणी सावरून नीट मांडी घालून बसल्या. "पानावर ऊन पडतं. पान त्यातलं थोडं पकडून त्याची साखर करतं. बरंचसं ऊन नुसतं पान तापवण्यात जातं. आणि अगदी थोडं, इतकं थोडं की आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, लाल उजेड होऊन पानातून परत बाहेर पडतं. पान किती काम करतंय ते या लाल उजेडावरून ओळखता येतं. या डब्याचा एक डोळा तो उजेड बघतो. दुसरा डोळा अळ्या शोधतो, त्या केवढ्या झाल्या ते बघतो, आणि शेंगा किती भरल्या तेही. आणि ही नळी लेझरने हवा तपासते, अळ्यांनी श्वासातून किती कर्बवायू सोडला त्यासाठी."

"अळीचा श्वास! बाप्पा!" आत्या म्हणाली.

"तुमच्या धरणाचा पाट आहे ना? पाटाच्या तोंडाशी किती पाणी सोडलं ते कळतं, शेपटाला किती पोचलं तेही कळतं. झाड म्हणजे तसाच पाट. तोंडाशी ऊन येतं, शेपटाला शेंगा लागतात. मधे झाड स्वतः जगायला काही वापरतं आणि काही अळी नेते. आजवर आपण पानाला पडलेलं भोक बघत आलो. पाटातून खरोखर किती पाणी गेलं ते कुणी वावरात उभं राहून मोजलं नव्हतं."

"आणि अळीनं नेलं त्याचं काय होते?"

"निम्म्याहून जास्त लेंड्या होऊन परत मातीत पडतं. उरलेल्यातलं बरंचसं हालचालीत आणि श्वासात जळून जातं. अंगाला लागतं ते अगदी थोडं."

"म्हणजे आमच्या सुधाकरसारखं," आत्या म्हणाली. "कितीही खाऊ घाला, अंगाले काही लागत नाही."

नसरीनबाई खळखळून हसल्या. त्या दिवशीच डबा घारीच्या पोटाला बांधला गेला, टाकीच्या जागी.

मयूरीने हजारदा वरून पाहिलेलं सोयाबीन त्या दिवशी तिला नव्याने दिसलं. पडद्यावर पीक हिरवं नव्हतं, ते सोनेरी होतं. ढग सरकून ऊन आलं की सबंध वावर उजळत जायचं, जणू कुणीतरी एका टोकाकडून दिवे लावत येतंय. आणि त्या सोन्यात जागोजागी बारीक तांबडे ठिपके, प्रत्येकाकडे एक नाजूक धागा वाहत चाललेला. ठिपका म्हणजे अळी. धागा म्हणजे तिने नेलेलं ऊन.

"अगं माय," मयूरी पुटपुटली. आपण इतकी वर्षं ज्यांना मारत आलो त्या अशा दिसतात, हे तिच्या मनात आलं. ती बॅटरी संपेपर्यंत घार उडवत राहिली.

पुढच्या आठवड्यात उंट अळी आली. पाठ उंटासारखी वर करून चालणारी ही हिरवी अळी सोयाबीनची पानं चाळणीसारखी करते. लोक भोकं पडलेली पानं घेऊन सुधाकरभाऊंच्या दुकानात आले, औषध घेऊन गेले, मयूरीकडे फवारणीची रांग लागली. रांगेत पहिले होते देवराव राऊत.

मयूरीने टाकी भरण्याआधी एक फेरी डब्याची मारली. तांबडे धागे भरपूर होते, पण पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी हिरवीच राहिली. ती काय सांगते ते नसरीनबाईंनी समजावून दिलं होतं. वरची पानं थोडी खाल्ली गेली की खालच्या सावलीतल्या पानांवर ऊन पडतं आणि ती कामाला लागतात. झाड भरपाई करतं. फुलोऱ्यापर्यंत सोयाबीनला हे पेलतं. धागे पट्टीच्या पलीकडे गेले तर मात्र फवारायलाच हवं.

"देवरावकाका," मयूरी म्हणाली, "थांबून पाहू. झाडाले पेलते हे."

"पान चाळणी झालं पोरी!"

"झालं. पण ऊन जाऊन नाही राहिलं. हे पाहा."

देवरावांनी पडदा पाहिला, वावर पाहिलं, मयूरीकडे पाहिलं. मग ते बाटली घेऊन दुकानात परत गेले आणि सुधाकरभाऊंना म्हणाले, "भाऊ, ठेवून घ्या. तुमची पोरगी नाही म्हणते."

संध्याकाळपर्यंत आणखी चारपाच जण आले.

सुधाकरभाऊ तसे शांत माणूस. जेवताना ते भाकरीचे तुकडे करत राहिले, मग म्हणाले, "एक सांग मले. इतकी वर्षं मी लोकायले खोटं सांगत आलो का?"

"तसं नाही बाबा."

"मग कसं? उंट अळीसाठी मी दर वर्षी औषध देतो. तुझा डबा म्हणते, गरज नव्हती. म्हणजे मी गावाले फसवलं."

"जे दिसत नव्हतं ते कसं सांगणार होते तुम्ही? जेवढं दिसलं तेवढं सांगितलं."

"आणि आता तुले दिसते." ते उठले. ताटात अर्धी भाकर तशीच होती. "छान झालं."

मयूरीला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. रागावल्यावर ते पुन्हा हसतात हे तिला माहीत होतं. पण हे रागावणं नव्हतं. पानं उजेडाला धरून बघणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात एका पानाकडे नुसता बघत बसलेला तिला दिसला, आणि ती पुढे निघून गेली.

भांडणात तिसरी भर आत्याने घातली. तिच्या वावरात त्या वर्षी साधं पीक नव्हतं, गावाचं बियाणं होतं. काही वर्षांमागे, एका कोरड्या वर्षात, आजूबाजूचं सगळं सोयाबीन करपलं तेव्हा आत्याच्या कोपऱ्यातली काही झाडं हिरवी राहिली होती. गावातल्या बायकांनी त्यांचं बी निवडून, राखून, वाढवून एक आख्खं वावर पेरण्याइतकं केलं होतं. या हंगामात ते चांगलं आलं की पुढच्या वर्षी सबंध सावळदरी तेच पेरणार होती. सुधाकरभाऊ त्या वावरावर फवारणी कधी करायची ते विचारायला आले, तर आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही करायची."

"ताई, हे गावाचं बियाणं हाय. त्याच्यावर प्रयोग करते का तू?"

"गावानं माझ्याकडं ठेवलं ना? मग मी ठरवीन. अळीले पानं खाऊ दे. मले शेंगा पाहिजे."

"आणि शेंगा नाही लागल्या तर?"

आत्याने मयूरीकडे बोट दाखवलं. "हिले विचार."

सुधाकरभाऊंनी विचारलं नाही. चप्पल घातली आणि गेले. त्या दिवसापासून ते दुकानातच जेवणाचा डबा मागवू लागले.

शेंगा धरू लागल्या तेव्हा मयूरीने आत्याच्या वावरावरून डब्याची फेरी मारली आणि मधेच घार जागच्या जागी थांबवली.

पाटाच्या तोंडाशी पाणी होतं. झाडं भरपूर ऊन पकडत होती, पडदा सोन्याने भरला होता. तांबडे ठिपके आधीपेक्षा कमीच दिसत होते. पण शेपटाला, शेंगांपाशी, जितकं पोचायला हवं तितकं पोचत नव्हतं. मधल्या मधे काहीतरी नाहीसं होत होतं. डबा त्या नाहीशा झालेल्या भागाला करड्या रंगात दाखवायचा, आणि धुऱ्याकडची सबंध पट्टी करडी झाली होती. तिने पुन्हा फेरी मारली. पुन्हा तेच.

ती वावरात उतरली. पानं वरून पाहिली, उलटून पाहिली. हिरवीगार. खाणारं फारसं कुणी नाही.

नसरीनबाईंना तिने व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. त्यांनी करडी पट्टी पुन्हा पुन्हा दाखवायला लावली. "करडा रंग म्हणजे जमत नसलेला भाग," त्या म्हणाल्या. "असा थोडा नेहमीच येतो, आम्ही तो उपकरणाची चूक म्हणून सोडून देतो. पण इतका कधी आला नव्हता. काचेवर ओल धरली असेल. मी दोन दिवसांनी येते, डबा तपासते. तोवर थांबा."

मयूरी धुऱ्यावर बसली. डबा चुकत असेल तर तो आत्ताच चुकू लागला कशावरून? कदाचित तो पहिल्यापासूनच चुकत होता. आणि त्याच्या जोरावर तिने अर्ध्या गावाची फवारणी थांबवली होती. दोन दिवस गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण झाडं दोन दिवस थांबणार नव्हती, आणि तिच्या मनात एकच नाव येत होतं. ज्या माणसाला आपण दुखावलं त्याच्याच दारात जायचं, तेही आपण हरलो असं सांगत. ती उठली आणि दुकानाकडे निघाली.

सुधाकरभाऊ दुकानात खोकी लावत होते.

"बाबा," मयूरी दारातूनच म्हणाली, "आत्याच्या वावरात काहीतरी बिघडलं. डबा चुकला असंल, नाहीतर मी चुकली. मले समजून नाही राहिलं."

बघ, मी सांगितलं होतं, असं ते म्हणतील याची तिने तयारी केली होती. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. खुंटीवरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. "चाल," ते म्हणाले.

वावरात पोचल्यावर मयूरीने घार उडवली आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. सुधाकरभाऊंनी तो डबा काय दाखवतो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सोनं पाहून त्यांचे डोळे मोठे झाले, मग त्यांनी करड्यावर बोट ठेवलं. "ही करडी पट्टी कुठली?"

"ही धुऱ्याची. बाबा, इथं पान काम करते, अळी फारशी नाही, तरी शेंगेत काही जात नाही."

दोघं पट्टीत उतरले. सुधाकरभाऊंनी सवयीने एक पान तोडून उजेडाला धरलं. दुसरं धरलं. "पानात काहीच नाही."

मयूरी विचार करत होती. "पाटाचं पाणी शेपटाले पोचत नाही," ती हळूहळू म्हणाली, "आणि काठ कुठं फुटलेलाही नाही. मग ते आतल्या आत जिरत असंल. झाडाच्या आत, जिथं डब्याचा डोळा जात नाही."

सुधाकरभाऊंची मान झटकन वळली. "आत?"

त्यांनी गुडघे टेकले. एका झाडाचं पान लोंबत होतं, अजून हिरवं, पण देठातून मान टाकल्यासारखं. त्यांनी देठावर बोट फिरवलं आणि थांबले. देठाभोवती दोन बारीक गोल खाचा होत्या, एकीखाली एक, कुणी सुरीने कातरल्यासारख्या. त्यांनी नखाने देठ उभा चिरला. आत पिवळसर, तांदळाच्या दाण्यासारखी एक अळी वळवळली.

"चक्रभुंगा!" ते ओरडले. "अगं मयूरी, चक्रभुंगा हाय हा!"

ती पण खाली बसली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"मादी दोन चक्रं पाडते आणि मधे अंडं घालते," सुधाकरभाऊ भराभर सांगू लागले. "अळी देठातून खोडात उतरते आणि झाडाले आतून पोखरते. बाहेरून झाड हिरवंच. शेंगा पोचट निघाल्या की मग माणसाले कळते, आणि तवा वेळ गेलेली असते. यंदा मी लोकायले सांगितलं होतं की हा नाही. एकही पान कुणी आणलं नाही न दुकानात!"

"आणणार कसं? पानात काही नव्हतंच."

"हो! हो ना!" ते तिच्याकडे पाहत राहिले. मग हसले, किती तरी दिवसांनी, दात दाखवून. "तू वरून पाहिलं नसतं तर मी हा देठ चिरलाच नसता."

"आणि तुम्ही चिरला नसता तर मी डब्यालेच खोटं ठरवलं असतं," मयूरी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही. "आता औषध कोणतं मारायचं?"

औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या त्या माणसाने मान हलवली. "औषध नाही. अळी आत बसली, वरून मारलेलं तिच्यापर्यंत पोचणार नाही. उलट अळ्यायले खाणारे चांगले किडेच मरतील. अजून पुष्कळशा देठातच हाय, खोडात उतरल्या नाहीत. त्याच्या आधी चक्राखालून देठ खुडायचा, अळीसकट. याले हात पाहिजे. लई हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून सुधाकरभाऊंचा आवाज आला. "मी सुधाकर इंगोले बोलतो. आज दुकान बंद हाय. गावाचं बियाणं आजारी हाय, आणि त्याले बाटलीतलं औषध चालत नाही. ज्याले पुढच्या वर्षी सोयाबीन पेरायचं असंल त्यानं गोकर्णाताईच्या वावरात यावं. बादली घेऊन यावं."

आधी बायका आल्या, ज्यांनी ते बी निवडलं होतं. मग देवराव राऊत आले, सगळ्या घरादाराला घेऊन. मग इतके लोक आले की आत्याला भीती वाटू लागली, आता अळीच्या आधी हेच लोक पीक तुडवतील. मयूरीने करडी पट्टी सगळ्यांच्या फोनवर पाठवली, ओळीओळीने तासं वाटून दिली, आणि वरून घार फिरवत ती ओरडून सांगू लागली, "सरपंचकाका, तुमच्या डावीकडं राहिलं! देवरावकाका, मागं या, मागं!"

"ही पोरगी आभाळातून ओरडते बाप्पा," देवराव म्हणाले.

सुधाकरभाऊ तासातासातून फिरत प्रत्येकाला चक्र दाखवत होते. बोटाने चाचपायचं, दोन खाचा लागल्या की त्यांच्या खालून मोडायचं, बादलीत टाकायचं. ज्यांना दिसत नव्हतं त्यांचं बोट धरून ते खाचेवरून फिरवत. बायकांची कुणी जास्त खुडलं अशी चढाओढ सुरू झाली, आणि मग एकीने गाणं धरलं, पुरुषांच्या बाजूने त्याला बेसूर साथ मिळाली, त्यावरून हशा झाला. आत्याने बांधावर चूल मांडून पिठलं रटरटत ठेवलं होतं.

नसरीनबाई ठरल्याच्या एक दिवस आधीच पहाटे निघून डबा तपासायला आल्या त्या थेट या जत्रेत. मयूरीने त्यांच्या हातावर चिरलेला देठ ठेवला. त्या आतल्या अळीकडे बघत राहिल्या आणि एकदम मयूरीचे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, "आम्ही जिला चूक म्हणून पुसत होतो, तिथे किडा बसला होता! दिसणाऱ्या किड्यांसाठी यंत्र बनवलं मी. न दिसणारे त्यानेच दाखवले, आणि मला कळलं नाही!" मग त्यांनी सलवार वर खोवली, एक बादली घेतली आणि बायकांच्या रांगेत शिरल्या. दुपारपर्यंत त्यांना गाण्याचं धृपद पाठ झालं होतं.

पिठलं-भाकरी खाताना आत्या भावाच्या ताटात तिसरी भाकर टाकत म्हणाली, "खा. अंगाले लागत नाही तरी खा." सुधाकरभाऊंनी ती सगळी खाल्ली.

त्यानंतर घार रोज उडू लागली, आणि आता पडद्यासमोर दोन डोकी असायची. करडी पट्टी हळूहळू निवळली. सोनं शेपटाकडे वाहू लागलं. उंट अळ्यांचे तांबडे धागे मात्र होते तसेच राहिले, आणि एका सकाळी ते एकाएकी तुटू लागले. "हे काय झालं?" सुधाकरभाऊ दचकले. दोघांनी मान वर करून प्रत्यक्ष वावराकडे पाहिलं. साळुंक्यांचा मोठा थवा उतरला होता आणि तासातासातून मन लावून नाश्ता करत होता. फवारणी झाली असती तर त्यांना इथे खायला काही उरलं नसतं. सुधाकरभाऊ म्हणाले, "हे तर मजुरी न घेता काम करून राहिले."

सगळीकडे असं सुखाचं झालं नाही. देवरावांच्या उशिरा पेरलेल्या तुकड्यात धागे हिरव्या पट्टीच्या पलीकडे गेले. मयूरीने ते वडिलांना दाखवलं, त्यांनी फळीवरून बाटली काढली, आणि तिने फक्त तेवढ्याच तुकड्यावर फवारलं. पूर्वी गिऱ्हाईक पान घेऊन यायचं. आता सुधाकरभाऊ म्हणत, "पान ठेव, आधी घार उडू दे." काहींना बाटली मिळायची, पुष्कळांना नुसता चहा. आणि चहा पिऊन गेलेला माणूस दुसऱ्या गावात जाऊन सांगायचा की सावळदरीत एक दुकान आहे, तिथं औषध मागितलं तर नको म्हणतात. त्याचा परिणाम असा झाला की दुकानासमोर गाड्या लावायला जागा पुरेनाशी झाली.

पोळ्याला शेंगा भरल्या होत्या. गावात बैलजोड्या थोड्याच उरल्या होत्या, त्या झुली घालून, शिंगं रंगवून वेशीतल्या तोरणाखाली उभ्या होत्या. त्यांच्यामागे फुगे लावलेले ट्रॅक्टर. डफडं वाजत होतं. मयूरी बघायला म्हणून गर्दीत उभी होती, तेवढ्यात सरपंचांनी तिला हाक मारली. "तुझी घार कुठं हाय? ज्यानं वावरात काम केलं तो आज रांगेत पाहिजे."

मयूरी हसत घरी वळली, तर समोरून सुधाकरभाऊ येत होते. घार त्यांनी छातीशी धरली होती. सहाही पंखांना झेंडूच्या माळा होत्या आणि मधोमध बैलाचं बाशिंग बांधलेलं होतं, थोडं वाकडं.

"एकट्याले जड होते हे," ते म्हणाले. "धर तिकडून."

एका बाजूने बाप, एका बाजूने लेक, असे ते बैलांच्या मागे आणि ट्रॅक्टरांच्या पुढे उभे राहिले. रिवाजाप्रमाणे तोरण तोडलं गेलं, आरोळी उठली, रांग हलली. मयूरीला समोरचं नीट दिसत नव्हतं, मधे झेंडू होता. पलीकडून वडिलांचा आवाज ऐकू येत होता. ते ओळखीच्या, अनोळखी, दिसेल त्या माणसाला सांगत चालले होते, "माझी पोरगी उडवते हे. माझी पोरगी."

दारोदार बैलांना ओवाळलं जात होतं. गोकर्णाआत्याच्या दारी घार आली तेव्हा आत्या ताट घेऊन उभीच होती. तिने पंखांना कुंकू लावलं, ओवाळलं, मग तुपाने माखलेली पुरणपोळी हातात घेतली आणि घारीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात गोंधळून वाकून बघू लागली.

"काय शोधतेस आत्या?"

"याचं तोंड कुठं हाय वं?"

मयूरी इतकी हसली की तिच्या हातून घार सुटता सुटता राहिली. सुधाकरभाऊंनी आपली बाजू सांभाळत मान पुढे केली आणि आ केला.

"दे इकडं," ते म्हणाले. "त्याच्या वाटची मी खातो."